माकडाच्या मोठ्या आतड्याचं अस्तर बदललंय असा रिपोर्ट आला, म्हणजे नक्की झालं काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नवीन व्हेट आहात, पन्हाळ्याच्या बाजूला एका छोट्या रेस्क्यू सेंटरला आठवड्यातनं दोनदा जाता, तिथं सात बॉनेट माकडं होती. त्यातल्या एका मादीला वर्षभर अधनंमधनं पातळ संडास, औषध दिलं की आठ-दहा दिवस बरं, परत सुरू, वजन चार किलोवरनं अडीचवर आलं आणि शेवटी गेली. पोस्टमॉर्टेमचा तुकडा लॅबला पाठवला तर रिपोर्ट आला: मोठ्या आतड्यात क्रिप्ट हायपरप्लेजिया, क्रिप्ट ब्रांचिंग, गॉब्लेट सेल कमी, लॅमिना प्रोप्रियात (अस्तराच्या पेशींखालच्या मऊ थरात) लिंफोसाइट आणि प्लाझ्मा सेल (जुन्या सुजेत जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर, दोन ठिकाणी क्रिप्ट ॲबसेस. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ही कॅन्सरची सुरुवात होती का, उरलेल्या सहा जणांना हे होणार का, आणि चिंपांझी-गोरिलालाही असंच होतं असं वाचलंय तर हे त्यांच्या जातीतच आहे का.

मी गेली बावीस वर्षं प्राण्यांच्या स्लाइडी वाचते. जास्त करून म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कुत्री, पण मधनंमधनं माकडं आणि वानरंही येतात. त्यावरनं सांगते. पण आधीच एक स्पष्ट करते, मी तुमची स्लाइड बघितलेली नाही, आणि आतड्याच्या बाबतीत तुकडा कुठला घेतला, मेल्यावर किती तासांनी घेतला, कसा ठेवला यावर निम्मं चित्र बदलतं. त्यामुळं काही ठिकाणी मला "असं असेल तर" म्हणूनच बोलावं लागेल.

खरा प्रश्न माझ्या मते कॅन्सर आहे का नाही हा नाहीच. रिपोर्टातले हे सगळे शब्द आतड्याला *किती दिवसांपासून* त्रास होतोय हे सांगतात, त्रास *कुणी* दिला हे त्यातला एकही शब्द सांगत नाही. आणि आपण सगळे पहिल्या उत्तराला दुसरं उत्तर समजून बसतो, तिथनं चुकीची औषधं सुरू होतात.

चांगलं आतडं कसं दिसतं ते आधी डोळ्यासमोर आणा. लहान आतड्यात बोटांसारखे विलाय असतात, मोठ्या आतड्यात ते नसतात, वरनं सपाट असतं आणि खाली सरळ उभ्या नळ्या, त्याच क्रिप्ट. कोल्हापूरकरांना मी नेहमी उसाचं उदाहरण देते. सरीत लावणीचा ऊस उभा असतो बघा, एका उंचीचा, एकमेकाला समांतर, बुडखा खाली जमिनीला टेकलेला, तशाच या नळ्या उभ्या असतात आणि त्यांचे बुडखे खालच्या पातळ स्नायूच्या थराला टेकलेले असतात. नळीच्या भिंतीत जागोजागी गॉब्लेट सेल, पोटात फिकट थेंब भरल्यासारख्या दिसतात, त्या चिकट स्राव सोडतात. त्या स्रावाचा आतला थर एवढा दाट असतो की आतड्यातले अब्जावधी जंतू अस्तरापर्यंत पोचतच नाहीत. आणि प्रत्येक नळीच्या तळाशी स्टेम सेल असतात, तिथनं नवीन पेशी तयार होऊन वर सरकत जातात, साधारण आठवडाभराच्या आत सगळं अस्तर नवं होतं.

आता ऊस तोडला की बुडख्यातनं फुटवे येतात, खोडवा येतो. आतड्याचं डिट्टो तसंच आहे. वरचं अस्तर खरवडून गेलं पण तळ शाबूत असेल तर ते परत फुटतं, आणि घाईघाईनं फुटताना एका बुडातनं दोन-तीन नळ्या निघतात. हेच तुमच्या रिपोर्टातलं क्रिप्ट ब्रांचिंग. नळ्या लांब होतात, पेशींची गर्दी होते, विभाजन वाढतं, ते झालं हायपरप्लेजिया. गॉब्लेट सेल कमी का, तर माल पुरा तयार व्हायच्या आतच पेशी वर ढकलल्या जातात आणि होता तो स्रावही सुरुवातीलाच संपलेला असतो (म्हणून पहिले काही दिवस नुसती आव पडते आणि नंतर नुसतं पाणी, हे तुम्हीही बघितलं असेल). आणि जिथं बुडखाच मेला तिथं परत काही उगवत नाही, उसात नांग्या पडतात तशा मोकळ्या जागा राहतात, उरलेल्या नळ्या आखूड आणि वाकड्या होतात.

म्हणून स्लाइड वाचताना मी वेळेचा हिशोब लावते. नळीच्या भिंतीत किंवा पोकळीत न्यूट्रोफिल (ताज्या सुजेत धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरलेत, म्हणजे क्रिप्ट ॲबसेस, तर आग आत्ता पेटलेली आहे. गॉब्लेट कमी आणि नळ्या लांब असतील तर काही दिवस ते काही आठवडे. फाटे फुटलेत, नांग्या पडल्यात, बुडखे स्नायूच्या थरापासनं वर उचललेत आणि मधे प्लाझ्मा सेलची गर्दी आहे, तर कित्येक आठवडे, महिने. तुमच्या मादीत जुनंही आहे आणि ताजंही आहे. वर्षभर चालू-बंद चालू-बंद हगवण होती असं तुम्ही म्हणताय त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं, त्यामुळं रिपोर्ट मला बरोबर वाटतो.

आता कॅन्सर. हायपरप्लेजिया हा शब्द बघून मालक लोक घाबरतात, पण नुसतं हायपरप्लेजिया म्हणजे दुरुस्ती चालू आहे एवढंच. लॅबला फोन करून एकच विचारा, नळीच्या तळापासनं वर येताना पेशी शहाण्या होतात का? म्हणजे तळाशी न्यूक्लियस मोठे, गडद, गर्दीत असले तरी चालतात, पण पृष्ठभागाजवळ येईपर्यंत ते लहान होऊन खालच्या बाजूला एका ओळीत बसले पाहिजेत. तसं होत असेल तर दुरुस्ती. अगदी वरपर्यंत तीच गडद गर्दी आणि वरच विभाजन चाललेलं असेल तर मग डिस्प्लेजिया, म्हणजे कॅन्सरकडे झुकलेली वाढ, तिथं काळजी करायची.

माकडांत अजून एक फसवी जागा असते ती मुद्दाम सांगते कारण मी ती जवळनं बघितली आहे. मोठ्या आतड्याच्या भिंतीत लिंफॉइड पेशींचे गोळे असतात, त्या जागी स्नायूचा पातळ थर तुटक असतो, आणि क्रिप्ट त्या फटीतनं खाली गोळ्यात उतरतात. जुनी हगवण असलेल्या मकाक जातीत (बॉनेट, ऱ्हीसस त्यातलेच) हे बरंच दिसतं. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणच्या नर माकडाच्या बायोप्सीवर "खाली घुसलेल्या ग्रंथी, कॅन्सरची शक्यता" असं लिहून आलं आणि त्याला झोपवायचं जवळजवळ ठरलं होतं. ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) माझ्याकडे आला, मी अजून खोल दहा-बारा काप घेतले. खाली उतरलेल्या प्रत्येक नळीभोवती तिची स्वतःची लॅमिना प्रोप्रिया होती, न्यूक्लियस एका ओळीत होते, भोवती कॅन्सरमधे जे दाट तंतू होतात ते नव्हते, आणि एका कापात तर वरच्या नळीशी जोडणारी मानच दिसली. नुसतं हर्निएशन होतं, म्हणजे चांगल्याच नळ्या फटीतनं खाली सरकलेल्या. तो नर त्यानंतर चार वर्षं जगला. त्यामुळं एका कापावर कुणाच्या जिवाचा निर्णय घेऊ नका, जास्तीचे काप मागायला अजिबात लाजू नका.

खरा कॅन्सर माकडांत होत नाही असं नाही. ऱ्हीसस मकाक म्हातारे झाले की त्यांच्यात मोठ्या आतड्याचा ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) होतो, तो बहुतेक करून लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या जागी किंवा सीकममधे (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत), बऱ्याचदा आतड्याला अंगठीसारखा आवळणारा. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका वसाहतीत तर काही घराण्यांत एमएलएच१ जनुकातला दोष सापडला, माणसात लिंच सिंड्रोमला (घराण्यात चालत येणाऱ्या आतड्याच्या कॅन्सरला) कारण होणाऱ्या जनुकांपैकीच हा एक. पण तुमची मादी सात वर्षांची, ऐन भरातली, आणि रिपोर्टात डिस्प्लेजियाचा शब्दही नाही. मी तरी याला कॅन्सरची सुरुवात म्हणणार नाही.

मग "जातीतच आहे का" हा तुमचा तिसरा प्रश्न, आणि मला यातला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोलंबियात कॉटन-टॉप टॅमरिन नावाचं एक चिमुकलं माकड आहे, अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजन, डोक्यावर पांढऱ्या केसांचा तुरा. १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या सुरुवातीला वीस ते चाळीस हजार टॅमरिन पकडून अमेरिकेत संशोधनासाठी नेले, शेवटी १९७४ साली कोलंबियानं निर्यात बंद केली. का नेले, तर पिंजऱ्यात ठेवलं की त्यांच्यात अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा (कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, इथं व्रणांसकट) आजार आपोआप होतो, तेच क्रिप्ट ॲबसेस, तेच गॉब्लेट गायब, आणि पुढे बऱ्याच जणांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तोही बहुतेकदा पॉलिप (अस्तरावरचा कोंब) न होता सपाट अस्तरातनंच. जंगलातल्या टॅमरिनमधे मात्र हा आजार क्वचितच दिसतो. प्राणी तोच, जनुकं तीच, फक्त जागा बदलली. कल जातीत असेलही, पण आग पेटवतो तो पिंजरा. आज तीच जात नामशेष व्हायच्या काठावर आहे, हे वाचलं की मला दर वेळी वाईट वाटतं.

पिंजऱ्यात नेमकं काय बदलतं? माझ्या मते पहिला नंबर खाण्याचा. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन रक्तातनं येणारी साखर नाही, तर आतड्यातले जंतू तंतुमय चारा कुजवून जे ब्युटिरेट बनवतात ते आहे. चोथा नाही तर ब्युटिरेट नाही, आणि भुकेले जंतू मग चिकट स्रावाचा थरच खायला लागतात, हे उंदरांवर दाखवलेलं आहे. गोरिला घ्या, दिवसभर पाला, देठ, साली खाणारा प्राणी, त्याचं मोठं आतडं केवढं अवाढव्य! एप्समधे (गोरिला, चिंपांझी वगैरे) पचनमार्गाच्या आकारमानातला निम्म्याच्या आसपास वाटा मोठ्या आतड्याचाच असतो, माणसात तो पाचव्या भागाच्या आसपास. म्हणजे चोथा कुजवायची एवढी मोठी भट्टी निसर्गानं दिली आणि आपण तिच्यात केळी, पाव आणि बिस्किटं टाकतो. २०१६ साली डूक लंगूर आणि हाउलर माकडांवर झालेल्या कामात दिसलं की कैदेत गेल्यावर त्यांचे मूळचे आतड्यातले जंतू जातात आणि त्यांची जंतूंची घडण माणसासारखी व्हायला लागते.

आपल्या वानरांचं अजून वेगळं आहे. वानर पाला जठरातच कुजवतं, त्याचं जठर कप्प्याकप्प्याचं असतं, तिथं पीएच जास्त म्हणजे आम्ल कमी असतं, त्यामुळं अमीबा मोठं आतडं सोडून जठरातही घर करतो. वानराला देवळाबाहेर पेढे खाऊ घालणारे भाविक बघितले की माझा जीव खालीवर होतो, गोड आंबून तिथं आम्ल तयार होतं आणि वानर फुगून मरतं, अगदी मैद्याची चपाती जास्त झालेल्या म्हशीसारखं. म्हणून "माकडांचं आतडं" असा एक शब्द वापरायचाच नाही, बॉनेट वेगळं, वानर वेगळं, गोरिला वेगळा.

चिंपांझीचं एक सांगते, तुम्ही विचारलंय म्हणून. त्यांच्या विष्ठेत ट्रोग्लोडायटेला नावाचे मोठे केसाळ एकपेशीय जीव भरपूर सापडतात आणि नवीन माणूस दचकून औषध सुरू करतो. ते बिचारे चोथा कुजवायलाच असतात. बॅलँटिडियम या दुसऱ्या केसाळ एकपेशीय जीवाचंही बऱ्याच माकडांत तसंच, नुसतं पोकळीत दिसलं तर सोडून द्या. अस्तराच्या आत, व्रणाच्या कडेला दिसलं आणि भोवती आग असेल तरच त्याला आरोपी करा, कारण मेल्यावर काही तासांत ते आपोआपही आत शिरतं.

आणि नोड्यूलर वर्म. मेंढीचं आतडं धुताना धनगर मंडळी दाखवतात ना, बाहेरच्या बाजूनं हरभऱ्याएवढ्या कडक गाठी, कापली की हिरवट-पिवळा दही झालेला पू. ती ईसोफॅगोस्टोमम जंताची करणी, त्याच घराण्यातले जंत माकडांत आणि चिंपांझीतही मोठ्या आतड्याच्या भिंतीत तशाच गाठी करतात. टांझानियातल्या महाले डोंगरात चिंपांझी सकाळी उपाशीपोटी खरखरीत पानं न चावता, घडी घालून गिळतात, ती अख्खी बाहेर पडतात आणि बरोबर जंत खरवडून आणतात. माकडांचे अभ्यासक मायकल हफमन यांनी हे वर्षानुवर्षं टिपलंय. पिंजऱ्यातल्या चिंपांझीला ते पान कोण देणार?

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, तुमच्या मादीला जुना कोलायटिस होता, कॅन्सरचा पुरावा नाही, जातीचा दोष म्हणून सोडून द्यायचं कारण नाही, आणि कारण अजून सापडलेलं नाही. आता उरलेल्या सहांकडे येऊ.

कारण शोधायला संडास तपासायला लागेल, आणि एकदा तपासून भागत नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी, अगदी ताजं. कोमट सलाइनमधे लगेच स्लाइड करून बघा, अमीबा आणि बॅलँटिडियम हलताना दिसले तरच खात्रीचे. फ्लोटेशन (दाट द्रावणात अंडी वर तरंगवून बघणं) करा, व्हिपवर्मची दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी अंडी ओळखायला सोपी आहेत, तो जंत पुढचं बारीक टोक अस्तरात शिवल्यासारखं खुपसून बसतो. शिगेला आणि कँपिलोबॅक्टर या हगवणीच्या जंतूंचं कल्चर सांगून करून घ्या, कारण कँपिलोबॅक्टरला कमी ऑक्सिजन लागतो, साध्या कल्चरमधे तो येतच नाही आणि रिपोर्ट "काही नाही" असा येतो. शिगेला तर बऱ्याचदा माणसाकडनंच माकडाकडे जातो आणि परत माणसाकडे येतो, एखादं माकड वरनं ठणठणीत आणि आतनं वाहक असतं, जागा बदलली, कळप बदलला की उसळतो. म्हणजे साफसफाई करणाऱ्या मावशी-काकांचीही तपासणी करा, हातमोजे द्या, आणि त्यांना हगवण लागली तर सुट्टी द्या, पगार न कापता.

आणि खरं सांगते, एवढं करूनही काहीच न सापडण्याची शक्यता आहे. मोठमोठ्या संशोधन केंद्रांतल्या ऱ्हीससच्या वसाहतींत जुनाट हगवण ही मरणाच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे आणि कित्येकदा जंतू हाताला लागत नाही. म्हणून कल्चर यायच्या आत मेट्रोनिडाझोल आणि एन्रोफ्लोक्सासिन ही जंतू मारणारी औषधं एकदम चालू करू नका. त्या मादीला वर्षात पाच कोर्स झाले असं तुम्ही लिहिलंय. दर कोर्सला चोथा कुजवणारे उरलेसुरले जंतूही मेले असणार. तुमचा दोष नाही, समोर जीव तडफडत असताना हात बांधून बसवत नाही, मीही दिलेत.

खाणं मात्र उद्यापासनं बदलायला लागा, पण हळूहळू, दोन-तीन आठवडे घेऊन. बिस्किट, पाव, गूळ-शेंगदाणे पहिल्यांदा बंद. केळी रोज सहा देताय ती एकावर आणा. त्याजागी उंबराची फळं आणि कोवळी पानं, वड-पिंपळाचा कोवळा पाला, चिंचेचा पाला, शेवगा, घेवड्याच्या शेंगा, काकडी, भिजवलेले मूग-मटकी. सगळं एका ताटात न देता फांद्यांसकट टांगा, शोधून सोलून खाण्यात त्यांचा दिवस गेला पाहिजे. एकटं पिंजऱ्यात ठेवलेलं कुणी असेल तर ओळख करून देऊन जोडीला घाला, एकटेपणाचा ताण आतड्यावर उतरतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. दर पंधरा दिवसांनी वजन करा, लिहून ठेवा. मकाक जातीत वजन घसरतं ते हगवण दिसायच्या आधीही असू शकतं.

परत कुणी दगावलं (न होवो) तर तुकडा नीट घ्या, कारण आतडं फार लवकर सडतं. आपल्या एप्रिल-मे मधल्या उन्हात दोन-तीन तासांत वरच्या पेशी गळून जातात आणि स्लाइडवर ते व्रणासारखं दिसतं. डीप फ्रीझमधे टाकू नका, बर्फाच्या खड्यांनी पेशी फुटतात. आतडं लांबीत उघडायचं, नळाखाली धरायचं नाही, सलाइननं हलकं धुवायचं, थर्माकोलच्या तुकड्यावर अस्तर वर करून टाचण्यांनी सपाट लावायचं आणि तुकड्याच्या दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमधे उलटं तरंगत ठेवायचं. सपाट लावलं नाही तर ते गुंडाळतं, काप तिरका पडतो, आणि तिरक्या कापात सरळ नळ्याही वाकड्यातिकड्या फुटलेल्या दिसतात. सीकम, चढता भाग, आडवा, उतरता, गुदाशय, असे पाच ठिकाणचे तुकडे आणि शेजारच्या लिंफ गाठी, प्रत्येक वेगळ्या बाटलीत, पेन्सिलीनं नाव लिहून.

एक गोष्ट पोटतिडकीनं सांगते. हे सगळं सेंटरमधल्या, माहितीतल्या जनावराचं झालं. जंगलात, रानात मेलेलं माकड सापडलं तर हात लावू नका. माकडताप (गोचिडीतनं माणसाला होणारा विषाणूचा ताप, केएफडी) सिंधुदुर्गात दोडामार्गला २०१६ पासनं आहे, आणि आपला चंदगड तालुका त्याला लागूनच. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी उतरतात आणि माणसाला चावतात. वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावायचा, ते पुढचं बघतात, नमुने पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) जातात. शिवाय वन्यजीव कायद्यामुळं पोस्टमॉर्टेमही त्यांच्या परवानगीनंच करायचं, सेंटरमधल्यांचंही.

आता तुमच्याकडनं मला दोन गोष्टी हव्यात. त्या मादीचा तुकडा मोठ्या आतड्याच्या कुठल्या भागातला होता आणि मेल्यावर किती तासांनी घेतला. लॅबमधे ब्लॉक जपून ठेवतात, तो मागून घ्या आणि माझ्याकडे पाठवा, कापून बघते, पैसे काही नकोत. आणि उरलेल्या सहांत ती थोरली मादी, जिची शेपटीखालची केसं सतत ओली असतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, तिचं वजन उद्या सकाळी पहिल्यांदा करा.